अ‍ॅश व्हॅक्यूम: शेगडीची राख कशी काढावी आणि यंत्र कसं सांभाळावं

घर गरम ठेवणारी लाकडाची, पेलेटची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या छोट्या गोळ्यांची) किंवा कोळशाची शेगडी नवी आली की थोड्याच दिवसांत राखेचा प्रश्न समोर येतो. फावडीने काढावी तर निम्मी हवेत उडते, झाडूने ओढावी तर फरशीवर पांढुरका थर बसतो आणि कितीही पुसलं तरी तो पुन्हा दिसतो. मग कुणीतरी अ‍ॅश व्हॅक्यूम, म्हणजे राख ओढण्यासाठी बनवलेला व्हॅक्यूम क्लीनर, सुचवतं. यंत्र खरोखर कामाचं आहे. पण ते हातात आल्यावर बहुतेक नवख्यांचा एक समज होतो आणि तोच सगळ्यांत धोक्याचा असतो: डबा पत्र्याचा आहे, नळी धातूची आहे, म्हणजे गरम राख ओढली तरी चालेल. तसं अजिबात नाही. अ‍ॅश व्हॅक्यूम थंड राखेसाठी बनवलेला असतो. बऱ्याच यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत राखेचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर नसावं असं छापलेलं असतं, म्हणजे हाताला जेमतेम कोमट लागेल इतकंच. नजरचुकीने एखादी ठिणगी आत गेलीच तर पुढचा अनर्थ टळावा, एवढ्यासाठी तो पत्रा असतो.

घरातला नेहमीचा व्हॅक्यूम क्लीनर का नको

पहिलं कारण आगीचं. विझल्यासारखा दिसणारा निखारा व्हॅक्यूममध्ये गेला की त्याच्यावरून सतत जोरात हवा वाहू लागते. लोहाराचा भाता जे करतो तेच इथे होतं: निखारा फुलतो. आणि फुलतो कुठे, तर कागदी पिशवीत, घरभरचे केस, धागे आणि धूळ जमलेल्या जागी, प्लॅस्टिकच्या आवरणात. आग बऱ्याचदा लगेच दिसत नाही. सफाई झाली, यंत्र कपाटात गेलं आणि काही तासांनी कपाटातून धूर येऊ लागला, असंही होऊ शकतं.

दुसरं कारण राखेच्या बारीकपणाचं. साध्या पिशवीतून आणि स्पंजच्या फिल्टरमधून राखेचे बारीक कण आरपार जातात आणि मागच्या बाजूने खोलीत फेकले जातात. शेगडी स्वच्छ दिसते, पण तीच राख आता श्वासातून आत जात असते. काही कण मोटारीत शिरतात. लाकडाची राख क्षारयुक्त असते, हवेतला ओलावा शोषते आणि खरखरीतही असते, त्यामुळे मोटारीतली बेअरिंग आणि कार्बन ब्रश लवकर झिजतात. एकदाच वापरून बघू म्हणून घरातलं चांगलं यंत्र त्यात घालू नका.

यंत्राची ओळख आणि निवड

अ‍ॅश व्हॅक्यूम दोन प्रकारचे मिळतात. एकात मोटार झाकणातच बसवलेली असते. दुसऱ्यात मोटार नसते. तो नुसता पत्र्याचा डबा असतो, आत फिल्टर असतो आणि त्याला घरातला व्हॅक्यूम क्लीनर जोडायचा असतो. राख डब्यात अडकते, हवा पुढे जाते. हा दुसरा प्रकार कधीमधी शेगडी पेटवणाऱ्याला पुरतो. मात्र डब्यातला फिल्टर थोडा जरी फाटला किंवा नीट बसला नाही, तर सगळी राख थेट घरातल्या यंत्रात जाते आणि ते बाहेरून कळतही नाही. शेगडी रोजची असेल तर मोटारीचं स्वतंत्र यंत्रच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

निवडताना वॅटच्या आकड्याकडे फार बघू नका. राख ओढताना जोर कमी पडतो तो बहुतेक वेळा फिल्टर चोंदल्यामुळे, मोटार लहान असल्यामुळे नाही. म्हणून आधी फिल्टर पाहा. घड्यांचा, भरपूर पसरट पृष्ठभाग असलेला, आग सहज न धरणारा आणि सुटा विकत मिळणारा फिल्टर हवा. हेपा, म्हणजे अतिशय बारीक कण अडवणारा, फिल्टर असेल तर उत्तमच. एच-१३ दर्जाचा हेपा अडवायला सगळ्यांत अवघड असलेल्या आकाराचे कणसुद्धा किमान ९९.९५ टक्के अडवतो. त्याच्यावर धातूची जाळी किंवा आगरोधक कापडाचं आवरण असलं तर मोठे कण आधीच थांबतात आणि आतला महागडा फिल्टर जास्त टिकतो. काही यंत्रांना फिल्टर झटकण्याचं बटण किंवा दांडा असतो. सोय छोटी वाटते, पण ती असावीच.

डबा पूर्ण धातूचा आहे ना, तळ धरून, हे हात लावून बघा. नळीला आतून-बाहेरून धातूचं वेटोळं किंवा आगरोधक आवरण हवं. १५ ते २० लिटरचा डबा घरगुती शेगडीला पुरतो. त्याहून मोठा घेतला तर तो भरेपर्यंत रिकामा न करण्याचा मोह होतो आणि राख आत साठत राहते.

राख थंड झाली का, हे कसं ओळखावं

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. राख उष्णता धरून ठेवते. तिच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते, त्यामुळे आतली धग बाहेर येत नाही आणि बाहेरचा गारवा आत पोचत नाही. राखेत गाडला गेलेला निखारा पुरेशी हवा न मिळाल्यामुळे पेटत नाही, पण विझतही नाही. तो तीन-चार दिवसही आतल्या आत धुमसत राहू शकतो. वरून राख गार, करडी, निर्जीव दिसते. म्हणून नुसतं बघून किंवा वरवर हात फिरवून ठरवायचं नाही.

शेगडी विझल्यावर किमान पूर्ण एक दिवस जाऊ द्या. दोन दिवस थांबता आलं तर फारच चांगलं. त्यानंतरही पुढची तपासणी चुकवायची नाही.

सळईने सगळी राख तळापासून ढवळा आणि पातळ पसरवा. कोपरे, जाळीखालची जागा आणि राखेच्या ट्रेची मागची बाजू यांत निखारे दडतात, तिथे मुद्दाम सळई फिरवा. मग १०–१५ मिनिटं थांबा. खोलीतला दिवा बंद करून, पडदे ओढून आत पाहा. उजेडात न दिसणारा तांबूस ठिपका अंधारात लगेच दिसतो. त्यानंतर हाताची मागची बाजू राखेच्या चार बोटं वर धरून सगळीकडे फिरवा. कुठे जराशी धग लागली तरी त्या दिवशी व्हॅक्यूमला हात लावायचा नाही.

लांबून तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर वापरा, पण तो फक्त वरच्या थराचं तापमान सांगतो. न ढवळता मोजलं तर तो खुशाल २० अंश दाखवेल आणि दोन बोटं खाली निखारा असेल. आधी ढवळायचं, मगच मोजायचं.

काळे कोळसे दिसले तर ते चिमट्याने वेचून बाजूला काढा. बाहेरून राखाडी झालेला कोळसा आतून लाल असू शकतो, म्हणून सळईने दाबून फोडून बघा. हे कोळसे व्हॅक्यूमचं काम नाहीतच. ते पुढच्या वेळी शेगडीत पुन्हा जळतात, आणि यंत्रात गेले तर नळी तुंबवतात. कोळसे नेहमीच भरपूर उरत असतील तर आगीला हवा कमी मिळते आहे किंवा लाकूड ओलं आहे असं समजा. चांगल्या वाळलेल्या, स्वच्छ लाकडाची राख त्याच्या वजनाच्या साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी असते. साल जास्त असेल तर राखही जास्त निघते.

घाई झाली म्हणून शेगडीत पाणी ओतू नका. तापलेलं बिडाचं लोखंड तडकू शकतं, वाफेबरोबर राख तोंडावर येते आणि राख-पाण्याचं मिश्रण कडक क्षारी बनतं. ते त्वचेला आणि डोळ्यांना भाजतं, धातूलाही खातं.

आता प्रश्न असा की थंडीच्या दिवसांत शेगडी रोज पेटत असेल तर दोन दिवस थांबायचं कसं? थांबायचंच नाही. रोजची राख फावडीने काढून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घाला आणि डबा घराबाहेर ठेवा. व्हॅक्यूमचा दिवस वेगळा: शेगडी बंद ठेवता येईल असा, दोन-तीन आठवड्यांतून एखादा. फावडी रोजची आणि व्हॅक्यूम अधूनमधून, ही विभागणी एकदा अंगवळणी पडली की घाईत गरम राख ओढण्याची वेळच येत नाही.

काय ओढायचं नाही

ओली राख नको. ती फिल्टरवर थापली जाते आणि वाळल्यावर इतकी कडक होते की फिल्टर फेकूनच द्यावा लागतो.

काजळी आणि धुराड्यातला काळा, डांबरासारखा थर नको. काजळी स्वतःच जळणारा पदार्थ आहे आणि अतिशय बारीक असते, म्हणून अनेक यंत्रांच्या पुस्तिकेत ती ओढायला स्पष्ट मनाई असते. धुराड्यातून खाली पडलेली काजळी ब्रशने पत्र्याच्या डब्यात गोळा करा. धुराडं दरवर्षी जाणकाराकडून तपासून आणि साफ करून घ्यावं लागतंच, व्हॅक्यूमने ते काम होत नाही.

खिळे, स्क्रू, काचेचे तुकडे नकोत. जुनं लाकूडसामान जाळलं की राखेत खिळे सापडतात आणि एकच खिळा फिल्टरला भोक पाडायला पुरतो. रंग दिलेलं किंवा रसायन लावलेलं लाकूड तर शेगडीत जाळूच नये. त्याचा धूर विषारी असतो आणि राखेत आर्सेनिक, क्रोमियमसारखी द्रव्यं उरू शकतात.

लाकडाचा भुसा, सिमेंट, प्लास्टर यांची धूळही या यंत्राने काढू नका. सिमेंट आणि प्लास्टर फिल्टरच्या घड्यांत बसतात ते निघत नाहीत. भुशाचा धोका वेगळा आहे, त्याविषयी आणि त्यातल्या एका अपवादाविषयी पेलेटच्या भागात लिहिलं आहे.

सफाईचा क्रम

पंखा बंद करा, खिडकीचा वारा थेट शेगडीवर येत असेल तर खिडकी लावा. शेगडीसमोरचा गालिचा गुंडाळून जुनी चादर अंथरा. एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा मास्क, चष्मा आणि हातमोजे घाला. नुसता रुमाल बांधून राखेची बारीक धूळ अडत नाही. शेगडीला धुराड्याचा डँपर, म्हणजे धुराची वाट उघडबंद करणारी पाटी, असेल तर तो उघडा ठेवा आणि हवा आत घेणारी झडप बंद करा, म्हणजे उडालेली धूळ खोलीत न येता वर ओढली जाते.

यंत्र सुरू करण्याआधी झाकण उघडून आत डोकवा. डबा रिकामा आहे ना, फिल्टर बसलेला आहे ना, घट्ट आहे ना. मागच्या वेळी फिल्टर धुवून वाळत घातला आणि तो न बसवताच यंत्र सुरू केलं, तर पाच सेकंदांत सगळी खोली पांढरी होते आणि मोटारीत राख जाते ती वेगळीच. झाकणाच्या क्लिपा दोन्ही बाजूंनी सारख्या दाबून बसवा.

ढिगारा आधी फावडीने काढा. फावडी राखेत आडवी सरकवायची, उचलून डब्याच्या तळाशी नेऊन हलकेच तिरपी करायची. उंचावरून टाकली की धुरळा उठतो. बहुतेक राख अशी निघाली की व्हॅक्यूमला उरतो तो वरचा पातळ थर आणि कोपरे. सगळीच राख यंत्राने ओढली तर डबा दोन मिनिटांत भरतो आणि फिल्टर लगेच चोंदतो.

किती राख ठेवायची हे इंधनावर ठरतं. लाकडाच्या शेगडीत तळाला दोन-तीन सेंटिमीटर राखेचा थर असलेला चांगला. तो निखाऱ्यांची धग धरतो, पुढची आग लवकर पेटते आणि तळही वाचतो. दरवेळी शेगडी चकचकीत करायची गरज नाही. कोळशाच्या शेगडीत मात्र आगीला हवा जाळीखालून लागते, त्यामुळे जाळी आणि ट्रे मोकळे हवेत. राख जाळीपर्यंत साठली तर हवा कोंडते आणि जाळी तापून वाकते.

आता यंत्र सुरू करा, तोटी राखेपासून लांब असतानाच. मग हळूहळू जवळ न्या. तोटी राखेत खुपसू नका. एक-दोन सेंटिमीटर वर, तिरपी धरा. राख स्वतःहून तोटीकडे सरकते आणि हवेचा ओघ चालू राहतो. खुपसली की नळीत राखेचा गोळा अडकतो.

वरून खाली या. ज्वाळा अडवणारी वरची आडवी पाटी असते, तिच्यावर राख साठते आणि नेमकी तीच विसरली जाते. ती आधी, मग बाजूच्या विटा, मग जाळी, मग तळ, मग ट्रेची पोकळी, शेवटी दाराची चौकट. ट्रे बाहेर काढून त्याच्या मागची जागा नक्की साफ करा. तिथे राख साठत गेली की ट्रे पूर्ण आत जात नाही, फट राहते, हवा आत येते आणि आग आटोक्यात राहत नाही. शेगडी हल्ली फार भरभर जळते अशी तक्रार असेल तर आधी ट्रेच्या मागे बघा.

आतल्या विटा व्हर्मिक्युलाइटच्या असतील, म्हणजे हलक्या, सोनेरी-तपकिरी आणि नखाने ओरखडा उठणाऱ्या, तर धातूची तोटी त्यांच्यावर घासू नका. लांबूनच ओढा किंवा मऊ ब्रश लावा. दाराची दोरीसारखी सील चिकटवलेली असते, ती ओढीत येऊन सुटू शकते. कॅटॅलिटिक कंबस्टर (धूर पुन्हा जाळणारा जाळीदार भाग) असलेल्या शेगडीत त्या जाळीदार भागाला तोटी टेकवायची नाही. तो ठिसूळ असतो.

काम चालू असताना मोकळा हात अधूनमधून डब्यावरून आणि नळीवरून फिरवत राहा. इथे एक फरक ओळखायला शिका. झाकणाकडची, हवा बाहेर पडते ती बाजू कोमट लागणं साहजिक आहे, ती मोटारीची ऊब असते. पण डब्याचा तळ किंवा खालची बाजू कोमट लागली तर ती ऊब राखेची आहे. सवयीने हा फरक लगेच कळू लागतो.

झालं की तोटी मोकळ्या हवेत धरून यंत्र अर्धा मिनिट तसंच चालू ठेवा, म्हणजे नळीतली राख डब्यात जाते. मग बंद करा आणि प्लग काढा.

डब्याचा तळ गरम लागला तर

ताबडतोब बंद करा, प्लग काढा. झाकण घरात उघडू नका. आत धुमसणाऱ्या निखाऱ्याला हवा मिळाली की तो पेट घेतो. यंत्र बाहेर मोकळ्या जागी, माती किंवा दगडावर न्या, भिंत, लाकडी ओटा आणि सुका पालापाचोळा यांच्यापासून दूर. तिथे जाड हातमोजे घालून, तोंड बाजूला ठेवून झाकण उघडा, राख पत्र्याच्या डब्यात ओता, घट्ट झाकण लावा. फिल्टर काढून त्यावर ठिणगी चिकटलेली नाही ना हे बघा, आणि जळका डाग दिसला तर तो फिल्टर पुन्हा वापरू नका. यंत्र त्या रात्री बाहेरच राहू द्या.

यंत्रातून धूर किंवा ज्वाळा दिसू लागल्या असतील तर ते उचलून पळायच्या भानगडीत पडू नका. सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि अग्निशमन दलाला बोलवा.

राख टाकताना

डबा दरवेळी रिकामा करायचा, थोडीच राख असली तरी. घराबाहेर, वारा नसताना, मास्क न काढता. राख टाकायची ती घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, आणि तो डबा घरापासून किमान तीन मीटर लांब, न जळणाऱ्या जागेवर ठेवायचा. कागदी पिशवी, खोका, प्लॅस्टिकची बादली यांत राख कधीही नको. झाकणाचा डबा आहे म्हणून तो घरात, गॅरेजमध्ये किंवा पोटमाळ्यावर ठेवणंही चूक. धुमसता कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो, आणि या वायूला ना वास, ना रंग. शेगडी असलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असायलाच हवा, इथे तडजोड करू नका.

चार-पाच दिवसांनी पूर्ण थंड झालेली, स्वच्छ लाकडाची राख बागेत थोडीथोडी पसरता येते. तिच्यात कॅल्शियम आणि पोटॅशियम असतं. पण ती मातीचा आम्लपणा कमी करते, म्हणून आम्ल माती लागणाऱ्या झाडांना घालू नका. दगडी कोळशाची राख बागेत नको.

फिल्टर

अ‍ॅश व्हॅक्यूमची देखभाल म्हणजे मुख्यतः फिल्टरची देखभाल. तो चोंदला की आधी आवाज बदलतो. हवा कमी ओढली जाते, मोटारीवरचा भार हलका होतो आणि ती जास्त वेगाने फिरू लागते. नेहमीची घरघर जाऊन चिरका, उंच सूर लागतो. नवखे लोक याला यंत्र जोरात चालतंय असं समजतात, प्रत्यक्षात ते गुदमरत असतं. बऱ्याच यंत्रांत मोटारीला थंडावा त्याच हवेतून मिळतो, त्यामुळे तसंच रेटलं तर मोटार तापते आणि उष्णतेने चालणारा कटआउट असेल तर यंत्र मधेच बंद पडतं. सूर चढला की थांबा, झटकण्याचं बटण असेल तर तीन-चार वेळा दाबा. फरक पडला नाही तर काम थांबवून फिल्टर बाहेर नेऊन साफ करा.

साफ करण्याची रीत साधी आहे. वारा नसलेल्या मोकळ्या जागी फिल्टर डब्यात खाली धरून तळव्याने हलके थापटा. भिंतीवर किंवा कडेवर आपटू नका, घड्या जिथे डिंकाने बसवलेल्या असतात तिथे त्या उचकटतात आणि फट डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. उरलेली राख मऊ ब्रशने घडीच्या दिशेने काढा. हवेचा दाब वापरायचा झाला तर अगदी हलका, आतून बाहेर आणि हातभर लांबून. जोराचा झोत कापडाला छिद्रं पाडतो.

पाण्याने धुवायचा की नाही हे फिल्टरवर आणि पुस्तिकेत लिहिलेलं असतं. धुण्याजोगा नसेल तर थेंबही नको. धुण्याजोगा असेल तर आधी झटकून पूर्ण कोरडा साफ करा, मगच नळाच्या हलक्या धारेखाली धरा, साबण न लावता, हातमोजे घालून. मग सावलीत, मोकळ्या हवेत किमान २४ तास वाळू द्या. बाहेरून कोरडा वाटणारा फिल्टर घड्यांच्या तळाशी ओलाच असतो. तसाच बसवला तर पहिल्याच फेरीत त्यावर राखेचा लेप चढतो. शेगडीजवळ किंवा हेअर ड्रायरने घाईघाईत वाळवू नका. दोन फिल्टर आलटून पालटून वापरले तर ही घाईच राहत नाही. जास्तीचा फिल्टर यंत्राबरोबरच घेऊन ठेवा.

महिन्यातून एकदा साफ फिल्टर अंधाऱ्या खोलीत नेऊन आतून टॉर्च लावा. कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर छिद्र आहे. त्याला चिकटपट्टी लावून भागत नाही, फिल्टर बदला. दुसरी परीक्षा: यंत्र चालू असताना हवा बाहेर पडते तिथे ओलसर पांढरं फडकं अर्धा मिनिट धरा. फडक्यावर करडा डाग पडला तर राख कुठूनतरी निसटते आहे. फिल्टर फाटलेला नसेल तर तो जिथे बसतो ती रबरी सील बघा. सीलच्या एका बाजूला पांढरट रेघ उमटलेली दिसली तर हवा तिथूनच वाट काढते आहे. बऱ्याचदा सीलखाली राखेचा एखादा कण अडकलेला असतो. ओल्या फडक्याने सील आणि तिची बैठक पुसून, वाळवून पुन्हा बसवलं की काम होतं.

साफ करूनही ओढ परत येत नसेल, कापड कडक किंवा तेलकट लागत असेल, काळपट डाग पडले असतील, तर फिल्टरचं आयुष्य संपलं.

बाकीची देखभाल

ओढ कमी वाटली आणि फिल्टर साफ असेल तर नळी सोडवून सरळ धरा आणि एका टोकाला टॉर्च लावून दुसऱ्याकडून बघा. अडकलेला कोळसा लांब, बोथट काठीने ढकला. धातूच्या नळीला तीव्र बाक देऊन ठेवू नका, वेटोळी उसवतात. डब्याचा तळ अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा. राख ओलावा धरते आणि पत्र्याला आतून गंज चढतो, गंजून छिद्र पडलेला डबा तर आगीच्या दृष्टीने निकामीच. झाकणाची मोटारीची बाजू पाण्याखाली धरू नका. तीन पिनांचा प्लग असेल तर अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावा. कोरडी राख नळीतून घासत जाताना स्थिर वीज तयार होते आणि हाताला बारीक झटका बसतो.

पेलेटची शेगडी असेल तर

पेलेटच्या शेगडीला व्हॅक्यूम जास्त लागतो. ईएनप्लस या पेलेटच्या गुणवत्ता-प्रमाणपत्रातल्या ए१ दर्जाच्या पेलेटमध्ये राख ०.७ टक्क्यांच्या आत असते, म्हणजे १५ किलोच्या पोत्याला साधारण १०० ग्रॅम. राख थोडी, पण इतकी बारीक की ती धुराच्या वाटेत दूरवर जाऊन बसते. सफाईआधी शेगडी पूर्ण थंड होऊ द्या, मग तिचा प्लग काढा, नाहीतर पंखा किंवा इग्नायटर (आग पेटवणारा भाग) मधेच सुरू होऊ शकतो. जळणाच्या वाटीची छिद्रं एकेक करून मोकळी करा. ती बुजली की ज्योत पिवळी, आळशी होते आणि काच लवकर काळी पडते. वाटीची बैठक, मागच्या पाटीआडची पोकळी आणि राखपेटीच्या कडा अरुंद तोटीने ओढा.

पेलेट भरतो त्या टाकीच्या तळाशी भुसा साठतो, आणि तोही काढावा लागतो, नाहीतर पेलेट पुढे ढकलणारा स्क्रू अडकतो. राखेचं यंत्र हातातच आहे म्हणून लगेच तोच भुसा ओढायचा, ही चूक फार सहज होते. डब्यात एखादा निखारा उरला असेल आणि त्यावर सुका भुसा गेला तर पेट घ्यायला वेळ लागत नाही. क्रम उलटा ठेवा: आधी रिकाम्या, साफ यंत्राने भुसा, मग डबा रिकामा करून राख. पुस्तिकेत भुशाला मनाई असेल तर भुसा हाताने किंवा छोट्या ब्रशनेच काढा.

हंगाम संपल्यावर

शेवटची सफाई झाली की डबा आतून पुसून कोरडा करा, फिल्टर साफ करून कागदात गुंडाळून वेगळा ठेवा आणि नळी सैल गुंडाळून टांगा. झाकणाच्या क्लिपा लावून ठेवू नका. महिनोन्‌महिने दाबून राहिलेली सील चपटी होते आणि पुढच्या हंगामात हवा गळते. फिल्टरचा नमुना क्रमांक झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवा, म्हणजे नवा मागवताना पुस्तिका शोधावी लागत नाही. शेगडीतली राखही अशीच टाकून जाऊ नका. ती दमट हवेतला ओलावा ओढते आणि शेगडीचा तळ गंजवते, म्हणून हंगामाअखेरीस तो दोन सेंटिमीटरचा थरही काढून टाका.